माघाच्या पुनवेचा परवाना

हिवाळ्यातल्या सकाळी आमच्या शिवारातून उत्तरेकडं पाहिलं की अजिंठ्याच्या डोंगरांची एक निळी रेघ दिसायची. ऊन चढलं की ती पुसट होत होत नाहीशी व्हायची. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, उभा जन्म त्या रेघेकडं तोंड करून नांगर धरला, पण तिथं ते कधी गेले नव्हते. लाकूडफाटा जवळ मिळायचा, देव गावात होता, सोयरे दक्षिणेला. डोंगरात जायला काही कारणच पडलं नव्हतं.

मी बी.ए. होऊन गावी आलो त्या वर्षी अण्णांचा डावा डोळा पूर्ण गेला होता आणि उजव्यावरही पडदा चढत होता. आमच्या घरात माझ्याआधी कुणी चौथीच्या पुढं गेलेलं नव्हतं. मला मुंबई इलाख्यातल्या कॉलेजात चार वर्षं ठेवायचं म्हणून या माणसानं एकट्यानं दोन माणसांचं काम ओढलं होतं. जालन्याच्या शाळेत मला नोकरी लागायची होती. हुकूम यायला उन्हाळा उजाडेल असं हेडमास्तरांनी कळवलं होतं. तोवर अण्णांना औरंगाबादच्या दवाखान्यात नेऊन डोळा कापून घ्यावा, एवढंच माझ्या मनात होतं. अण्णा तयार नव्हते.

"कापून बिघडला तर?" ते म्हणायचे. "आज निदान धुरकट तरी दिसून राह्यलंय."

एका संध्याकाळी ओट्यावर बसल्या बसल्या ते आपणहून म्हणाले, "एकदा तो डोंगर जवळून पाहू दे. तिथं एक रात रहायचं, सकाळी उठून पाह्यचं. मंग म्हणशील तिथं येतो. डोळा ऱ्हावो न्हाईतर जावो."

कॉलेजात असताना मुलांच्या एका टोळीबरोबर मी सह्याद्रीत चार दिवस तंबू ठोकून राहिलो होतो. त्या गोष्टी मी घरी सांगितल्या होत्या. त्याच अण्णांच्या डोक्यात बसल्या असाव्यात.

मग आमचं ठरवणं सुरू झालं. आज मागं वळून पाहताना वाटतं, त्या हिवाळ्यात मी दुसरं काही केलंच नाही. रोज दिवेलागणीला ओट्यावर राख पसरायची, मी काडीनं डोंगर काढायचा, नाला काढायचा, तंबूची जागा काढायची. अण्णांना ते दिसायचं नाही, म्हणून ते राखेवरून हलक्या बोटांनी चाचपायचे. माझा तंबू त्यांनी तीन वेळा हलवला.

"पाण्याच्या इतक्या कडंला? जनावरं पाण्यावर येतेत बाबा. शंभर पावलं मागं घे."

मी मागं घेतला.

"दार कुणीकडं?"

"पूर्वेला."

"मंग पाठीला वारा लागंल. लागू दे. डोंगर दिसला म्हंजे झालं."

माय चुलीपुढून सगळं ऐकायची. "घरात झोपाया जागा न्हाई का?" ती म्हणायची. "दीड दिवस गाडी हाकायची अन् धोंड्यावर जाऊन निजायचं. चार वर्षं हेच शिकून आला व्हय रे? आपले गडी तर न शिकताच खळ्यावर निजतेत."

"तू बी चल," अण्णा म्हणायचे.

"मी गेल्यावर म्हशीची धार कोण काढंल? ह्याचं पुस्तक?"

पण धपाटे किती दिवस टिकतात, तिळाच्या चटणीला तेल किती घालावं, याचा विचार तिनंच आमच्याआधी केला होता.

डोंगराचा वरचा भाग सरकारी राखीव जंगल होता. आत मुक्काम करायचा तर जंगल खात्याचा परवाना लागायचा. तंबू जालन्याच्या माझ्या जुन्या हेडमास्तरांनी शाळेतून काढून दिला. मी मिडलला असताना फाटका सदरा पाहून ज्यांनी मला आपला सदरा दिला होता, तेच हे. तो तंबू मी खांद्यावरून जुन्या जालन्याच्या गल्ल्यांतून आणला तेव्हा धान्याच्या अडतीवरचे हमाल मला सर्कसवाला समजले. परवान्याचा अर्ज मी स्वतः उर्दूत लिहिला. दिवस अण्णांनी ठरवले होते. माघाची पुनव. कडक उन्हात त्यांच्या डोळ्याला पांढरं पांढरं व्हायचं, चांदण्यात मात्र माणूस ओळखू यायचा.

आता पुनव सरकारी कागदात कशी लिहायची? निजाम सरकारचा कारभार फसली महिन्यांवर चालायचा. आजूर, दै, बहमन, इस्फंदार, फरवर्दी. लहानपणी ते पाठ होते, पण चार वर्षं बाहेर इंग्रजी तारखा लिहून ते मनातून निसटले होते. अण्णा म्हणाले, "पटवाऱ्याला इचारून घे." मी म्हणालो, "अण्णा, एवढं मला येतं." नवं वर्ष दिवाळीला लागतं हे डोक्यात पक्कं बसलेलं, मी आजूर दिवाळीपासून धरला आणि मोजत आलो. पुनव इस्फंदारात पडली. तसं लिहून अर्ज भोकरदनला तालुक्याच्या कचेरीत दिला. काही दिवसांनी शिक्क्यासह परवाना आला. अण्णांनी तो कागद हातात घेऊन शिक्क्यावरून बोट फिरवलं आणि मायच्या हातात दिला. तिनं तो देव्हाऱ्यात ठेवला.

आम्ही निघालो त्या दिवशी गाडीत कडबा, घोंगड्या, कंदील, तंबू आणि धपाट्यांचं गाठोडं होतं. कुऱ्हाड परवान्यात मना होती म्हणून घरी ठेवली. बैल आपल्या चालीनं चालत होते. दोन्ही बाजूंना रब्बीची ज्वारी पिवळी पडायला लागली होती आणि पाखरं राखणाऱ्या बायकांच्या आरोळ्या दुरून, झोपेत ऐकू याव्यात तशा येत होत्या. अण्णा मधूनमधून विचारायचे, "आता केवढा दिसतो?" मी सांगायचो, "काल गाडीच्या जुवाएवढा होता, आता घराएवढा." ते मान हलवायचे. मला वाटत होतं, हा रस्ता असाच लांबत राहावा.

दुसऱ्या दिवशी दुपारी जंगलाच्या नाक्यावर पोचलो. एका झोपडीपुढं दाढीवाला जमादार बाजेवर बसला होता. त्यानं परवाना घेतला, दोनदा वाचला आणि माझ्याकडं पाहिलं.

"बाबूजी, लिखेपढे हो ना?"

"हो."

"ये इस्फंदार का पास है. आज फरवर्दी की तेरा. तुमचा पास म्हैन्यामागं खलास झाला."

मी कागद त्याच्या हातून परत घेतला. फसली साल दिवाळीच्या कितीतरी आधी लागतं, हे मला त्या क्षणी लख्ख आठवलं. त्या वर्षी दिवाळीही उशिरा आली होती. माझा पुरा एक महिना चुकला होता.

अण्णांनी विचारलं, "काय झालं?"

"म्हैना चुकला, अण्णा. माझ्याकडनं."

"आसं कसं? पुनव तर उद्या बराबर हाये."

जमादार हसला. "चांद बराबर है चाचा, कागज बराबर नहीं."

मी त्याच्या विनवण्या केल्या. अण्णांच्या डोळ्यांबद्दल सांगितलं, दवाखान्याचं सांगितलं. त्यानं सगळं नीट ऐकलं. मग म्हणाला, "साहेबाचा दौरा हाये परवाला. मेरी नौकरी जाएगी. आत न्हाई. बिलकुल न्हाई." दाढी खाजवत त्यानं समोर बोट दाखवलं. "वो टेकाडपर हद्द का पत्थर है. पत्थर के इस तरफ कुणीबी झोपावं. अल्ला की जमीन."

टेकाड डोंगराच्या पायथ्यालाच होतं. गाडी खाली सोडून मी सामान वर नेलं, मग अण्णांना हाताला धरून नेलं. तंबू ठोकताना माझी एक खुंटी तिरकी गेली. मी मनात शब्द जुळवत होतो. आपण आता परत जाऊ, नवा अर्ज करू, असं म्हणणार होतो. पण नवा अर्ज म्हणजे पुन्हा दोन महिने, आणि त्या डोळ्यात दोन महिने उरले होते की नाही कुणास ठाऊक.

अण्णांनी खुंट्या चाचपून पाहिल्या. एक उपटून पुन्हा ठोकली. दगडाला टेकून बसले आणि डोंगराकडं तोंड केलं. ऊन उतरत होतं.

"निळा न्हाई रे हा," ते म्हणाले.

खरंच नव्हता. वाळलेलं गवत, काळे धोंडे, पानं गळालेले साग. जवळून तो आमच्या बरडासारखाच दिसत होता. मला वाटलं, आता ते खचतील. ते मात्र कितीतरी वेळ पाहत राहिले, शेतातल्या उभ्या पिकाकडं पाहावं तसे.

पहाटे मी उठलो तेव्हा ते तंबूबाहेर होते. डोंगराकडं पाठ करून, घोंगडी पांघरून बसले होते. खाली सगळं सपाट रान धुक्यात होतं आणि त्याच्या पार टोकाला एक निळसर पट्टा.

"ते काय हाये?" त्यांनी विचारलं. "मला निळं निळं दिसून राह्यलंय."

"आपल्याकडची बाजू आहे, अण्णा. आपलं गाव तिकडंच कुठंतरी."

"आपलं शिवार?" त्यांनी डोळा बारीक केला. "हितून आपणबी निळेच का?"

मी हो म्हणालो. ते हसले. मग म्हणाले, "बरं. आता ने मला औरंगाबादला."

फाल्गुनात उजवा डोळा कापला. त्या काळी कापल्यावर आठवडाभर उताणं पडून राहावं लागे, दोन्ही डोळ्यांवर पट्टी आणि डोक्याच्या दोन्ही अंगांना वाळूच्या पिशव्या. हलायचं नाही, खोकायचं नाही. अण्णांसारख्या माणसाला ती शिक्षाच होती. मी शेजारी स्टुलावर बसून असायचो. दुसऱ्याच दिवशी त्यांनी हळूच विचारलं, "दगडाच्या आतलं रान कसं असंल रे?"

ते रान मी तरी कुठं पाहिलं होतं. पण मी सांगायला लागलो. नाला आहे, नाल्यावर अर्जुनाची मोठमोठी झाडं आहेत. ते पट्टीखालून म्हणायचे, अर्जुन असंल तर तिथं उन्हाळाभर पाणी असंल. मग तंबू कुठं? वरच्या अंगाला. बैलांना सावली? करंजीची. असे आठ दिवस आम्ही दोघांनीही न पाहिलेल्या रानात मुक्काम केला. शेजारच्या खाटेवरचा म्हातारा विचारायचा, "गाव कोणतं म्हणालात तुमचं? लई पाणी दिसतंय."

नवव्या दिवशी डॉक्टरांनी पट्टी सोडली. खोलीचं तावदान अर्धं झाकलेलं होतं. अण्णांनी डोळा उघडला, मिटला, पुन्हा उघडला. त्यातून पाणी वाहत होतं. डॉक्टरांनी हात पुढं केला.

"किती बोटं?"

अण्णांनी मान थोडी पुढं केली. मी दारात उभा होतो.

"तीन," ते म्हणाले.

मीही तिथूनच मोजली. तीनच होती.