दोन सुरांची पिपाणी

माझा धाकटा भाऊ शिगेकी सिनेमांना संगीत देतो. आमच्या मोजी बंदरात मात्र तो अजून तोफूवाल्या इवाओचा मुलगाच. त्याला याचा राग येतो. मला मजा वाटते.

बाबा सायकलला तोफूचा खोका बांधून चढ चढायचे आणि पितळी पिपाणी वाजवायचे. फुंकली की एक सूर, श्वास आत ओढला की दुसरा. तेवढ्यावर बायका वाडगं घेऊन दाराशी यायच्या. शाळेत असताना एकदा बाबांनी शिगेकीला पिपाणी देऊन पाठवलं, तर पठ्ठ्याने ती अशी काही वाजवली की बायकांनी उलट दारं लावून घेतली. तोफू जसाच्या तसा परत आला. रात्री आम्ही तोच खाल्ला, सकाळीही तोच.

पुढे तो हाकाताला गेला, केस लाल केले आणि ‘बॉयलर’ नावाचा रॉक बँड काढला. नाव आमच्या दुकानातल्या बॉयलरचं, आवाजही त्याचाच. बाबा एकदाच ऐकायला गेले. कानात तोफू गाळायच्या फडक्याच्या चिंध्या कोंबून बसले आणि दुसऱ्या गाण्याला उठून घरी आले. तसे ते सगळीकडूनच मध्ये उठतात, लग्नातून, मयतातून, सुमोच्या कुस्त्यांतूनसुद्धा. पहाटे सोयाबीन दळायला उठणाऱ्याला झोप आवरत नाही, हे त्यांचं कायमचं कारण. त्या दिवशी एवढंच म्हणाले, “आपला बॉयलर निदान सोयाबीन तरी शिजवतो.” शिगेकीला ते फार लागलं. त्याने बाबांना पुन्हा कधी बोलावलं नाही.

यथावकाश बँड बुडाला. ड्रमवाला सासऱ्याच्या कौलांच्या धंद्यात शिरला, गाणारा विमा विकू लागला. शिगेकीने माशांच्या वड्यांच्या जाहिरातीला चाल दिली, ती पोरांच्या तोंडी बसली. मग टीव्हीच्या मालिका आल्या आणि चाळिशी ओलांडताना पहिला सिनेमा हाती आला. एका जुन्या बोटीच्या शेवटच्या फेरीची गोष्ट होती. चित्रण आमच्याच धक्क्यावर झालं होतं. मिझोबे नावाच्या बाई दिग्दर्शक होत्या.

आधी निवडक लोकांना सिनेमा दाखवला. लोक रडले, म्हणजे सगळं मनासारखं चाललं होतं. शेवटी नावं वर सरकू लागली, शिगेकीची संथ धून सुरू झाली आणि अख्खं थिएटर पिशव्या उचलून उभं राहिलं! आमच्याकडे शेवटचं नाव जाऊन दिवे लागेपर्यंत कुणी खुर्ची सोडत नाही, शिंकसुद्धा दाबून धरतात. पण दुकानं बंद करताना जी धून लावतात ना, शिगेकीची चाल नेमकी तिच्या वळणाची झाली होती. ती कानावर पडली की लहानपणापासून आमचे हात आपसूक पिशवीकडे जातात. लोकांचा काय दोष?

मिझोबेबाई ओरडल्या नाहीत, हे जास्त वाईट. शांतपणे म्हणाल्या की मोजीतल्या खेळाला लोक असेच उठले, तर शेवटचं संगीत दुसऱ्याकडून करून घेईन, आणि पुढचा सिनेमाही त्यालाच देईन.

शिगेकी घरी येऊन पायरीवर बसला. मी वाढलेलं तसंच राहिलं. बाबा तोफूचे साचे धूत होते. शेवटी त्यानेच तोंड उघडलं.

“बाबा, लोकांनी थांबावं म्हणून काय करावं?”

“मला काय विचारतोस? मी कुठे कधी थांबलोय?” बाबांनी साचा उपडा घातला. “मला लोकांना घराबाहेर काढता येतं, तेवढंच.”

दुसऱ्या दिवशी खिळ्यावरची पिपाणी गायब. बाबांनी आधी कावळ्यांना शिव्या घातल्या, मग माझ्यावर संशय घेतला. मी बोलणी खात राहिले, कारण शिगेकीला पिपाणी नेताना मी पाहिलं होतं.

मोजीतल्या खेळाला मी बाबांना अक्षरशः ओढत नेलं. मध्येच उठलात तर दुकान तुमचं तुम्ही सांभाळा, असा दमच भरला होता. ते उठले नाहीत, घोरले. बोट धक्क्याला लागली, नावं सुरू झाली, तीच संथ धून वाजू लागली. सगळीकडे पिशव्या सळसळल्या. मागे आमचं जुनं गिऱ्हाईक, कुसाबा आजी, काठीवर भार देऊन उठायच्या बेतात. शिगेकी दाराशी डोळे मिटून उभा होता.

आणि त्या धुनेवरून दोन सूर गेले. एक फुंकलेला, एक ओढलेला.

हात थबकले. आजी परत टेकल्या. एकही माणूस जागचा हलला नाही. फक्त बाबा झोपेतून ताडकन उभे राहिले आणि अंधाराला विचारते झाले, “घट्ट तोफू हवा की मऊ?”

थिएटर हसून लोटपोट झालं. “दोन घट्ट द्या, इवाओसान,” मागून आजी म्हणाल्या. मिझोबेबाईसुद्धा रुमालात तोंड खुपसून हसत होत्या. मी ओशाळून बाबांची बाही ओढली.

“बाबा, बसा. मागच्यांना दिसत नाहीये.”

एव्हाना त्यांची झोप उडाली होती. ते पडद्याकडे बघत होते. संगीताची पाटी खालून वर येत होती.

“बसतो, फुमिए. शिगेकीचं नाव वर जाऊ दे.”

नाव वर गेलं. बाबा बसले नाहीत. दिवे लागेपर्यंत तिथेच उभे होते.