ताट, मग डबा

मी एका वर्तमानपत्राच्या डेस्कवर काम करते. बंद खोलीतले आवाज, मेलेल्या माणसाचा फोन... असल्या बातम्या अधूनमधून येतात आणि मी त्या पूर्ण न वाचताच बाजूला टाकते. दोन माणसांनी स्वतंत्रपणे सांगितल्याशिवाय ओळ छापायची नाही, हे मला पहिल्याच नोकरीत शिकवलं गेलं. खाली लिहिलंय ते दोन माणसांनी स्वतंत्रपणे सांगितलेलं आहे. तिसरी साक्षीदार मी. म्हणून लिहितेय — पटलंय म्हणून नाही.

मी मीरा रोडला राहते. आई तारोडीला, समुद्राजवळच्या आमच्या जुन्या घरात. बाबा गेल्यावर होडी विकली. धाकटा भाऊ नरेश समुद्राला कंटाळून आखातात नोकरीला गेला आणि लागला कुठे, तर मासळीच्या कोल्ड स्टोरेजमध्ये. "पाण्यातून पलाला नि बर्फात परला," असं आई शेजारणींना सांगायची. सहा जणांत एक खोली, शुक्रवारी दुपारपर्यंत काम, रोज जेवताना व्हिडिओ कॉल. पासपोर्ट कंपनीकडे. करार संपेपर्यंत येता येणार नाही, हे त्याने पहिल्याच महिन्यात सांगितलं. नंतर तो विषय काढत नसे. "काय जेवलीस?" आणि "बोंबील सुकले का?" — एवढंच.

हिवाळ्यातला शुक्रवार होता. माझी सुट्टी, म्हणून मी तारोडीला गेले होते. दुपारी आम्ही दोघी जेवायला बसलो. आईने दोन घास खाल्ले आणि ती थांबली. मग ताटातला भात तिने माझ्या ताटात ओतला, रिकामं ताट आणि उलथनं घेऊन बाहेर ओट्यावर गेली आणि ताट बडवायला लागली.

आमच्याकडे पूर्वी धुक्यात होड्या अडकल्या की बायका किनाऱ्यावर ताटं बडवायच्या. काही दिसत नसलं तरी आवाजाच्या दिशेने होडी घरी यायची. आईने बाबांसाठी हे केलेलं मी लहानपणी पाहिलं आहे. पण त्या दुपारी धुकं नव्हतं. लख्ख ऊन होतं.

समोरच्या कमळाकाकू बाहेर आल्या. "अगो वैनी, आता कुनाची बोट राहिली? सगल्या कवाच काठाला लागल्या!"

"नरेशला दिसत न्हाय," आई म्हणाली. हात थांबला नाही.

"त्याला काय दिसायचं? तो तिकरं एसीत बसलाय!" काकू हसल्या. आणखी दोन दारं उघडली.

मी आईच्या हातातलं ताट काढून घेतलं. "आई, पुरे. लोक बघतायत."

ती भांडली नाही. आत गेली आणि सुकटीचा रिकामा पत्र्याचा डबा घेऊन आली. पुन्हा तेच, आता डब्यावर. बराच वेळ. मी नरेशला फोन लावला, तो उचलला गेला नाही. मग आई आपणहून थांबली, "पोचला" म्हणाली आणि आत येऊन थंड भात जेवली.

त्या दिवशी नरेशचा कॉल आला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आला. आई बाजारात मासळी विकायला गेली होती, मी एकटीच घरात. तो दवाखान्यात होता. दोन्ही हातांची बोटं पट्ट्यांत. आदल्या दिवशीचं मी काहीच सांगितलं नव्हतं. तोच बोलला.

"ताई, मी आत माल लावत होतो. बाकीचे नमाजला, जेवायला गेलेले. लाइट गेली नि दार बंद झालं. फोन आम्ही बाहेरच ठेवतो. आतून उघडायला दांडा असतो गं, पण दाराला. आणि दार कुठे तेच कळेना. छतापर्यंत खोकी. मी हाताने चाचपत निघालो. एक फाटलेलं खोकं लागलं. खूप चाललो आणि परत तेच फाटलेलं खोकं लागलं... तेव्हा मी ओरडलो. मग ओरडायचं पण सुचेना. खाली बसावंसं वाटलं."

"मग?"

"मग खणखण ऐकू आली. वाटलं, बाहेरून कोणीतरी दार बडवतंय. त्या बाजूने निघालो तर मध्येच बंद झालं. मी तिथेच उभा राहिलो, ताई. हललो असतो तर परत हरवलो असतो. मग पुन्हा सुरू झालं, पण आवाज वेगळा. आधी ताटासारखा होता, आता पत्र्याचा. डबा बडवल्यासारखा. त्याच्यामागे गेलो आणि दांडा हाताला लागला."

"बाहेर कोण होतं?"

"कोणीच न्हाय. अख्खा पॅसेज रिकामा."

मी माझं काम केलं. दोन्हीकडच्या वेळांतला फरक धरून हिशेब लावला — जुळतो. ते दार वीतभर जाड आहे, शेजारच्या खोलीतला आवाजसुद्धा आत येत नाही. ओळखीच्या डॉक्टरांना विचारलं. अति थंडीत आणि भीतीने भास होतात, लहानपणचे आवाज ऐकू येतात, म्हणाले. ताटापुरतं मी ते मान्य करते. पण लहानपणी आम्ही ताटंच ऐकली; डबा आईने त्या दिवशी पहिल्यांदाच बडवला.

आई बाजारातून आल्यावर मी तिला सगळं सांगितलं. टोपली उतरवत ती म्हणाली, "मंग? आयकू गेला ना." आणि पाय धुवायला गेली.

नरेश अजून तिथेच आहे. करार संपायचा आहे. बोटं बरी झाल्यावर एकदा जेवताना कॉलवर तो म्हणाला, "आये, तो डबा दाखव." आईने फोन माझ्याकडे दिला, डबा आणला आणि स्क्रीनसमोर धरून जोरात बडवला. आमच्या घरात कानठळ्या बसल्या. कॉलवर फोन आजूबाजूचा गोंगाट आपोआप गाळून टाकतो, हे मला तेव्हा आठवलं नाही. नरेश कान पुढे करून बघत राहिला.

"हात हलताना दिसतोय, आये. आवाज काय येत न्हाय."

"नको येऊंदे," आईने उलथनं खाली ठेवलं. "आता तू भायेर हायस."