रुपीबाई आणि तिचा मुडदा

आमच्या तांड्यात रुपीबाई आडेची शिवी न खाल्लेला माणूस शोधायला गेलात, तर तुम्हीच एक खाऊन परत याल. घाटंजीकडून येणारा रस्ता जिथं तांड्याला वळतो, तिथं वळणावरच तिचं घर. आत शिरणाऱ्या प्रत्येकाला तिच्या ओट्यासमोरून जावं लागतं. पोस्टमन, मीटरवाला, मतं मागायला आलेले उमेदवार, सूट कोणालाच नाही.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर आहे, रुपीबाईच्या भिंतीला भिंत लावून राहतो आणि माझं नाव लालसिंग आहे. हे नाव गेल्या वीस वर्षांत मी तिच्या तोंडून ऐकलेलं नाही. ती मला ‘फुकटपगाऱ्या’ म्हणते. एकदा शाळा तपासायला आलेल्या साहेबांसमोरही तिनं तशीच हाक मारली. साहेब पोट धरून हसले. मला राग आला, पण साहेबांचा. तो माणूस दोन तास उशिरा आला होता.

तिच्या शिव्यांची एक शिस्त होती. ज्याची त्याला. तांड्याचा नाईक धावजी म्हणजे ‘वाकड्या’, पोरगा संजय ‘बैलबुद्ध्या’, सून ममता ‘आळशाची खाण’. एकाची शिवी तिनं चुकून दुसऱ्याला दिली असं कधी झालं नाही. तिचा नवरा तरुणपणीच वारला. तोही जाताना एक घेऊनच गेला, असं ती स्वतः सांगते.

संजय वणीला कोळशाच्या खाणीकडं जेसीबी चालवतो. दोन दिवाळ्यांपूर्वी तो तिकडून कुत्र्याचं एक पिल्लू घेऊन आला. बाप जर्मन आहे म्हणे. माय वणीची. त्यानं पिल्लाचं नाव ठेवलं शेरा. रुपीबाईनं पिल्लाकडं पाहिलं, त्याच्या ताटलीएवढ्या पंजांकडं पाहिलं आणि म्हणाली, “हा मुडदा कायले आणला घरात?”

झालं बारसं. शेरा हे नाव फक्त संजयच्या मोबाइलात राहिलं.

दहा महिन्यांत मुडद्याची उंची वासराएवढी झाली आणि अक्कल होती तेवढीच राहिली. त्यानं भाकरी खाल्ल्या, माझ्या शाळेचा खडू खाल्ला, ममताच्या रेशनकार्डाचं एक पान खाल्लं. पण त्याचा खरा जीव रुपीबाईच्या चपलेवर. रोज सकाळी तो तिची एक चप्पल तोंडात धरून पळायचा आणि ती ओट्यावरून ओरडायची, “मुडद्या! जाय, मर गाडीखाली!” मग तो परत यायचा, चप्पल तिच्या पायाशी टाकायचा आणि ती आपल्या ताटातली अर्धी भाकर त्याच्यापुढं फेकायची. वर म्हणायची, “गिळ, नरड्यात अडको तुया.” हे दोघांचं रोजचं होतं. आमच्या शाळेच्या प्रार्थनेपेक्षा वेळेवर.

गेल्या डिसेंबरात एका सकाळी मी माझी ओमनी गाडी सुरू करत होतो. मुडदा चप्पल घेऊन निघाला. रुपीबाई ओरडली. नेहमीचंच ओरडली, पण त्या दिवशी हातात तुऱ्हाटीची काडी होती, ती तिनं फेकून मारली. काडी त्याच्या ढुंगणाला लागली. तो दचकून रस्त्यावर उडाला आणि वळणावरून कापसानं भरलेली पिकअप आली.

आवाज मी ऐकला. तो सांगत बसत नाही. गाडीवाल्यानं एकदा मान वळवून पाहिलं आणि निघून गेला. मुडदा रस्त्याच्या कडेला आडवा पडला होता, मागचे पाय भलतीकडं. चप्पल अजून तोंडात होती.

रुपीबाई रडली नाही. आमच्याकडच्या बायका पाहुणी आली तरी गळ्यात पडून सुरात रडतात, आणि ही नुसती उभी. मग म्हणाली, “लालसिंग.”

वीस वर्षांत पहिल्यांदा. मी ओमनीचं मागचं दार उघडलं.

कापूस बांधायच्या धोतरात घालून आम्ही त्याला ओमनीत चढवलं. यवतमाळपर्यंत त्याचं डोकं तिच्या मांडीवर होतं आणि ती एक अक्षर बोलली नाही. वैष्णवी मॅडम म्हणून तिथं जनावरांच्या डॉक्टर आहेत. त्यांनी विचारलं, “नाव काय याचं?” मी सभ्यपणे शेरा सांगितलं. मॅडमनी फार गोड आवाजात “शेरा, ए शेरा” केलं. त्यानं भिंतीकडं पाहिलं. मॅडमनी कागदावर लिहिलं, ‘हाकेला प्रतिसाद नाही.’

मग त्यांनी मागच्या पायाचं बोट चिमट्यात धरून दाबलं. त्यानं पाय ओढून घेतला आणि गुरगुरला. मॅडमचा चेहरा एकदम खुलला. “पाठीचा कणा शाबूत आहे,” त्या म्हणाल्या. एक्स-रेच्या फोटोत कमरेचं हाड तीन ठिकाणी मोडलेलं निघालं. पण वय कमी, ऑपरेशनची गरज नाही. सहा आठवडे हलू द्यायचं नाही, कूस बदलत राहायची, मागचे पाय हलक्या हातानं वाकवायचे आणि सरळ करायचे. हाड आपोआप जुळेल. “पण त्यानंतर त्याला उठावंच लागेल,” मॅडम म्हणाल्या. “पडून राहिला तर पाय वाळतील. मग मला काही करता येणार नाही.”

परत येताना रुपीबाईनं गाडी आमच्या देवाच्या, सेवाभायाच्या देवळापाशी थांबवली. ती आत गेली. मीही मागं गेलो, कारण एवढी गप्प बाई एकटी सोडायची मला भीती वाटत होती.

“भाया,” ती देवाला म्हणाली, “हा माया तोंडानं गाडीखाली गेला. रोज म्हणत होती, आज खरं झालं. आजपासून शिवी बंद. हा आपल्या चार पायानं चालला, तवाच माया तोंडातून निघन. त्याच्या पह्यले निघाली, त माये दोन्ही पाय घेऊन घे.”

“काकी,” मी म्हणालो, “पाय कायले बोलते? नारळ बोल ना.”

तिनं माझ्याकडं वळून तोंड उघडलं. ओठांवर आलेलं मला दिसलं. मग तिनं देवाकडं पाहिलं आणि तोंड मिटलं.

पुढचे सहा आठवडे आमच्या तांड्याचं सगळं बिनसलं. दोन बाजा आडव्या उभ्या करून तिनं घराच्या कोपऱ्यात मुडद्याला खोली केली. खाली कवडी अंथरली, म्हणजे विकायला न्यायची लाज वाटावी असा डागी कापूस. मॅडमनी पाय दहा वेळा वाकवायला सांगितले होते, ती वीस वेळा वाकवायची, मोठ्यानं मोजत. त्याला अंडी, दूधभाकर, मटणाचं पाणी. संजय वणीहून आला तर त्याला वरण.

आणि तोंडातून शिवी नाही. ममता माझ्याकडं आली तेव्हा तिचे डोळे भरले होते. सासूला ती याडी म्हणते, म्हणजे आई. “भाऊ, याडी मले ‘बाई’ म्हणून राह्यली. ‘ममताबाई, चहा घे’ म्हणते. मले भेव वाटते हो.” धावजी नाईक रोज काहीतरी निमित्त काढून तिच्या ओट्यासमोरून दोनदोनदा जायचा. “रामराम नाईक” ऐकायचा आणि मान खाली घालून परत यायचा. “वाकड्या म्हणणारं कोणी राह्यलं नाही रे,” तो मला म्हणाला. “आपण हाओत का नाही, तेच समजत नाही.” पोस्टमननं आजारपणाची रजा टाकली. ती या कारणानं असेल असं नाही, पण मी तसंच धरून चाललो.

जानेवारीच्या शेवटी पुन्हा फोटो काढला. हाड जुळलं होतं. मॅडम म्हणाल्या, पोटाखालून कापड घालून उचला, उभा करा, चालवा. दोन आठवडे देते, तेवढ्यात त्यानं स्वतः उठायला पाहिजे.

रुपीबाईनं पेटीतून आपला लग्नातला फेटिया काढला. आमच्या म्हाताऱ्या बायकांचा घागरा तो, आरसे लावलेला, कवड्या लावलेला. तो तिनं मुडद्याच्या पोटाखाली घातला. एक टोक तिच्या हातात, एक ममताच्या. चाळीस किलोचं ते धूड त्या फेटियात नवरदेवासारखं लटकत अंगणातून निघायचं आणि मागचे दोन्ही पाय मातीत रेघा ओढत जायचे. तो प्रयत्नच करत नव्हता. खायला जागेवर, फिरायला पालखी. मी तरी कशाला उठलो असतो?

“ऊठ रे माया राजा,” रुपीबाई म्हणायची. “ऊठ रे सोन्या.” मुडदा मान वळवून मागं पाहायचा, ही कोणाशी बोलते म्हणून.

ते पाहिलं आणि मला उलगडलं. “काकी, त्याले राजा माहीत नाही, सोन्या माहीत नाही. त्याले एकच हाक माहीत आहे. मार ना.”

“ते हाक नाही, शिवी आहे. पाय बोलली मी.”

मग मी दुसरा उपाय काढला. शिवी तिची तिनं देऊ नये, आम्ही देऊ. दुसऱ्या दिवशी सकाळी अर्धा तांडा तिच्या अंगणात जमला. धावजी नाईक पुढं झाला, खाकरला आणि म्हणाला, “ऊठ बरं मुडद्या.” ग्रामसभेत ठराव वाचतात, तसं. ममतानं पदर तोंडाला लावून काहीतरी पुटपुटलं, ते तिलाही ऐकू आलं नसेल. शेवटी मी बाह्या सारल्या. वीस वर्षांत या बाईकडून जे जे खाल्लं होतं ते सगळं मी त्या कुत्र्यावर ओतलं. त्यानं जांभई दिली आणि कूस बदलली.

कूस बदलायला शिकला, एवढंच ममता म्हणाली.

बारा दिवस गेले. मागच्या मांड्या इतक्या आटल्या की रुपीबाईच्या मुठीत यायच्या. मॅडमचा फोन आला. शनिवारी घेऊन या म्हणाल्या, पण आवाज नेहमीचा नव्हता. मी फोन ठेवला तेव्हा रुपीबाई माझ्या तोंडाकडंच पाहत होती. “कायमची झोपायची सुई देतीन ना?” ती म्हणाली. मला खोटं बोलता आलं नाही.

शुक्रवारी सकाळी तिनं आंघोळ केली, चांगलं लुगडं नेसलं आणि ती तांड्यात फिरायला निघाली. सावकाश. प्रत्येक दारासमोर थांबत, देवळापर्यंत, विहिरीपर्यंत, पार वावराच्या बांधापर्यंत. मला वाटलं, म्हातारी मन मोकळं करत असेल. मी मठ्ठ माणूस. ती पायांनी शेवटचं फिरून घेत होती, हे मला तेव्हा कळलं नाही.

परत आली तेव्हा धावजी नाईक आणि अर्धा तांडा तिच्या मागोमाग होता. तिनं दारात चपला काढल्या. ममताला म्हणाली, फेटिया काढ. बाजा बाजूला सारल्या. मुडद्यासमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली, आणि दोन महिने साठलेलं बाहेर आलं.

“ऊठ रे मुडद्या! कवडीवर लोळून लोळून कवडीमोल झाला तू! तुया नरड्यात अंडे कोंबता कोंबता माये हात झडले! माया लग्नाचा फेटिया मुतून नासवला बे तू! तुयं मढं निघो, तुले पटकी नेओ! ऊठ! नाही त जाय, मर गाडीखाली!”

मुडद्याचे कान ताठ झाले. दोन महिन्यांत पहिल्यांदा त्यानं तिला ओळखल्यासारखं पाहिलं. त्यानं पुढचे पाय रोवले. मागचा भाग थरथरला, वर आला आणि धपकन बसला. “मुडद्या!” ती किंचाळली. तो पुन्हा वर आला. उभा राहिला. वाकडा, तिरपा, पण चारी पायांवर. एक पाऊल, दुसरं, तिसरं. दारापर्यंत गेला आणि तिची एक चप्पल तोंडात धरली.

ममता रडायला लागली. धावजीनं टोपी उडवली, ती परत मिळाली नाही. आणि रुपीबाई होती तिथंच खाली बसली.

“झालं,” ती म्हणाली. “माये पाय घेऊन जाय म्हणा भायाले आता.”

दुपार झाली तरी ती उठली नाही. पायात जीव नाही म्हणाली. धावजीनं समजावलं, नवस फिटला, कुत्रा चालला ना. “पह्यले शिवी निघाली, मंग तो उठला,” ती म्हणाली. “देवाले दिसते.” ममतानं हात धरून ओढलं, पाय खरंच लटपटले. बायकांनी गोड गोड बोलून पाहिलं. माय उठ, लक्ष्मी उठ. ती भिंतीकडं पाहत बसली.

मला रडू यायला लागलं. मला ती हवी होती, चालणारी, ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला झोडपणारी. दुसरं काही सुचेना म्हणून मी खाली बसलो आणि तिच्या पायाचा अंगठा चिमटीत धरून करकचून दाबला.

तिनं पाय ओढून घेतला.

मी उठून उभा राहिलो. तांड्यात आजवर कोणी केलं नव्हतं ते केलं. “ऊठ वं थेरडे! दोन महिने कुत्र्यानं फुकट सेवा खाल्ली, आता तुले पाह्यजे का? फुकटखाऊ कुठली!”

रुपीबाईनं हळूच मान वर केली.

“कोणाले फुकटखाऊ म्हणून राह्यला बे, फुकटपगाऱ्या?”

आणि ती उठली. भिंतीला धरून नाही, काही नाही, सरळ उठली. दारातली उरलेली चप्पल पायात सरकवली आणि माझ्यामागं धावली. मी रस्त्याकडं पळालो. माझ्यामागं ती, तिच्यामागं तिरपातिरपा मुडदा, आणि त्याच्यामागं अर्धा तांडा. वळणावर मी दम खायला थांबलो तेव्हा माझे गाल ओले होते.

रुपीबाईही थांबली. रस्त्याच्या मधोमध उभी राहून तिनं आपल्या पायांकडं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. एका पायात चप्पल होती, दुसरा अनवाणी. दुसरी मुडद्याच्या तोंडात.

“काकी,” मी म्हणालो, “तू दोन पाय बोलली होती. भायानं एका चपलेवर भागवलं.”

तिनं पायातली चप्पल काढली आणि माझ्यावर भिरकावली. नेम चुकला नाही.