चौतीस मार्कांचा देश

सत्तरच्या दशकात, बी.ए.च्या शेवटच्या वर्षी, मी आफ्रिका तपासायला घेतली. तोवर नागपूरबाहेर फार तर मावशीचं भिवापूर पाहिलेलं. पण राज्यशास्त्राच्या सरांनी कॉलेजात लुटुपुटीची जागतिक सभा भरवायचं ठरवलं. तिथे अणुबॉम्बबंदीचा नवा करार व्हायचा होता आणि आफ्रिकेतले कोणते देश त्याला लायक, म्हणजे सभेत कुणाला खुर्ची मिळणार, हे ठरवायचं काम माझ्याकडे आलं. मी ऐटीत तक्ता आखला. सरकार, कोर्टकचेऱ्या, रेल्वे, शाळा. प्रत्येकाला पंचवीस मार्क. पास व्हायला पस्तीस. आम्हाला दुसरं माप ठाऊकच नव्हतं.

झांबियाला चौतीस पडले.

होस्टेलवर राहणारा माझा एक मित्र झांबियाचा. दर रविवारी तो आमच्याकडे जेवायचा, तिखट रश्श्याने पाणावलेले डोळे पुसत आईशी आमच्याच बोलीत गप्पा मारायचा. सभेत आपल्या देशाच्या खुर्चीवर बसायचं म्हणून त्याने सीताबर्डीवर कोट शिवून घेतला होता. सर म्हणाले, एक मार्क ग्रेस देऊन टाक. मी अडून बसलो. आम्ही छप्पन साली बौद्ध झालेले. ‘तुम्हाला काय, सवलत आहे’ हे शाळेपासून ऐकून ग्रेस या शब्दाचाच मला तिटकारा आला होता. खरं तर मार्कसुद्धा मी वाचनालयातल्या जुन्या पुस्तकावरून दिले होते, त्याचा देश स्वतंत्र होण्याआधीच्या.

तो भांडला नाही. तक्ता वाचून एवढंच म्हणाला, “तू कधी आला होता गा, आमच्या शाळा पाहाले?”

सभेला तो कोट घालून आला आणि मागे प्रेक्षकांत बसला.

पुढचे दोन रविवार तो जेवायला आला नाही. आईने कारण विचारलं. मी सगळं सांगितलं, वर माझ्या शिस्तीची बढाईही मारली. भाकरी थापता थापता ती थांबली.

“तुह्या मॅट्रिकच्या कागदावर इंग्रजीपाशी चांदणी हाये. ते कायची हाये गा?”

मला ठाऊक होतं. ग्रेस मार्कांची ती खूण. कुणाला दिसू नये म्हणून मी तो कागद नेहमी दुमडून ठेवायचो.

परीक्षा होऊन तो मायदेशी जाईपर्यंत मी तीनदा होस्टेलच्या फाटकावरून परत आलो. फार लाज वाटत होती. पुढे पत्र लिहून माफी मागितली, चांगल्या इंग्रजीत. उत्तरात त्याने आईची चौकशी केली होती.

चांदणीचं मात्र मी पत्रातही लिहिलं नव्हतं.