चार नंबरचं मशीन

हे आजवर माझ्या तोंडून निघालेलं नाही. बायकोपाशी बोललो नाही, आणि ज्याच्यापाशी बोलायला हवं होतं त्या दत्ताभाऊपाशी तर नाहीच. भाऊ जाऊन आता महिना होत आला. माझ्या डोक्यावर केस अजून पुरते आलेले नाहीत. तुमचा चेहरा मला दिसत नाही, म्हणून तुम्हाला सांगतो आहे—हाही भित्रेपणाच असेल.

दत्ताभाऊ माझा चुलतभाऊ, दहा वर्षांनी मोठा. युसूफ वडगावात बाजाराच्या रस्त्याला त्याचा कॉम्प्युटरचा क्लास होता. पत्र्याची एक खोली, चार मशीन. चारही त्यानं जुने भाग जमवून स्वतःच्या हातानं जोडलेली. सेटिंगला त्याच्याशिवाय कुणी हात लावायचा नाही, हा तिथला पहिला नियम. मी शिकलेला, पण कुठंच टिकलो नव्हतो. भाऊनं मला शिकवायला ठेवून घेतलं.

दुपारी बायकांची बॅच असायची. एकदा प्रोसेसर शिकवायचा होता. कोअर म्हणजे काय, हे कसं सांगायचं? म्हटलं, कोअर म्हणजे राबणारा गडी. दोन कोअर असले की दोन कामं खरोखर एकाच वेळी होतात. आणि थ्रेड? एकाच गड्याच्या हाती दिलेली दोन कामं. एक अडलं की तेवढ्यात तो दुसरं उरकतो. म्हणून गडी दोन असले तरी कॉम्प्युटर चार मोजतो.

बॅचमधली मंगल मोठ्यानं हसली.

"आमचं उलटं हाय सर. आमी दोघं राबतो आन् मुकादम एक कोयता मोजतो."

ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता मानतात. इथं जन्म गेला, पण मला हे कधी खटकलं नव्हतं. मंगलचं माहेर नांदूरघाटचं, सासर आमच्या गावाबाहेरच्या वस्तीवर. त्या वर्षी ती तोडीला जाणार नव्हती. टायपिंगची परीक्षा द्यायची, ग्रामपंचायतीत ऑपरेटरचं काम बघायचं, म्हणजे पोरीची शाळा सुटणार नाही—असं तिचं ठरलं होतं. नवरा एकटा जाणार होता. अर्धा कोयता.

त्याच दिवशी तिनं विचारलं, "ह्या गड्याला जास्त पळवता येतंय का?"

येतं. त्याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. प्रोसेसरच्या कामाचा एक ठेका, म्हणजे वेग, कारखान्यातून ठरून आलेला असतो. सेटिंगमध्ये जाऊन तो वाढवायचा. काम लवकर होतं, पण गडी तापतो. गार करायची सोय नसेल तर जळू नये म्हणून मशीन आपोआप बंद होतं. सेटिंगमध्ये कुठून जायचं तेवढं सोडून हे सगळं मी फळ्यावर नीट लिहिलं. 'उष्णता' या शब्दाखाली दोनदा रेघ ओढली. आणि—

थांबा. आधी मशीन बंद पडलं ते सांगतो.

नवरात्राच्या आधीचे दिवस. पाऊस ओसरला होता आणि पत्र्याखाली भट्टी पेटल्यासारखं उकडत होतं. चार नंबरचं मशीन दुपारी अचानक काळं पडू लागलं. सकाळी ठणठणीत, दुपारी बंद. दुपारी त्याच्यावर मंगल बसायची, कारण वस्तीवरून चालत ती सगळ्यांत शेवटी यायची आणि कोपऱ्यातलं तेवढंच उरायचं. रजिस्टरात रोज मशीनच्या नंबरपुढे नाव लिहायची पद्धत होती. चारपुढे पानामागून पान तिचंच नाव. मग संशय कुणावर जाणार?

"कोयत्याचा हात हाय बाई," बॅचमधली एक म्हणाली, "बटनं फोडतीय का लिव्हतीय!"

भाऊनं मला बाजूला घेतलं. "कावून बंद पडतंय बे? हात कुणी लावला?"

मी म्हणालो, "मंगल मागं म्हणत होती, झाकण उघडून दाखवा."

वाक्य खरं होतं. कोअर डोळ्यांनी दिसतात का, असं तिनं पहिल्याच आठवड्यात कुतूहलानं विचारलं होतं. त्या वाक्यात एक अक्षर खोटं नव्हतं. इतक्या सफाईनं खोटं बोलणं मला पुन्हा जमलेलं नाही.

भाऊनं तिला सगळ्यांसमोर सांगितलं, "ताई, उद्यापासून येऊ नका."

"म्या न्हाई उघडलं ओ भाऊ," ती म्हणाली. मग माझ्याकडे बघितलं. मी रजिस्टर चाळत होतो.

फळ्यावर ते लिहिलं त्याच्या दुसऱ्या दिवशी, भाऊ केजला गेलेला असताना, चार नंबरच्या मशीनचा ठेका मी वाढवला होता. कशासाठी? भाऊ मला पुस्तकातला किडा म्हणायचा. त्याच्या हातच्या मशीनमध्ये त्याला न सुचलेलं काही मला करून दाखवायचं होतं. दाखवायच्या आधीच ते बंद पडायला लागलं.

मंगलला काढलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी ठेका होता तिथं आणून ठेवला. मशीन दिवसभर चाललं. बायका म्हणाल्या, बघा, ती गेली आणि मशीन सुधारलं. म्हणजे तिच्यावर आळ तर मी घेतलाच, त्याचा पुरावाही मीच तयार करून दिला. दसरा झाल्यावर मंगल नवऱ्याबरोबर ट्रॅक्टरवर बसून गेली. पूर्ण कोयता. पोरगीही सोबत.

त्यानंतर भाऊ बदलला. येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हातांकडे बघायचा. चारही मशीनच्या झाकणांवर त्यानं कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या, त्यांवर सह्या केल्या. मला वाटायचं, हा संशय मंगलवरचा.

तेराव्यानंतर मी क्लास उघडला. चार नंबरचं मशीन चालू करून सेटिंगमध्ये जायला बघितलं. मशीननं पासवर्ड मागितला. पूर्वी तिथं पासवर्ड नव्हता. कागदी पट्ट्या तर झाकण उघडणाऱ्यासाठी. सेटिंगमध्ये की-बोर्डवरून जाता येतं, आणि तिथवरची वाट क्लासमध्ये आम्हा दोघांनाच ठाऊक होती. मग पासवर्ड कुणासाठी? भाऊला कळलं होतं का? कधी? रोज समोर बसून चहा पिताना तो माझ्या हातांकडेही बघत होता का? विचारायला आता कुणी नाही. आणि कळलं असेल, तर त्यानंही तिला परत बोलावलं नाही—पण ते त्याचं. मी माझं सांगतो आहे.

त्याच आठवड्यात मंगल भेटायला आली. तोडीवर होती, उशिरा कळलं म्हणाली. उन्हातून आली होती. चपला काढून क्लासच्या उंबऱ्याबाहेर उभी राहिली. "भाऊ रागीट, पर मानूस चांगला व्हता," म्हणाली. मी म्हटलं, आत ये, बस.

"नगं सर," ती हसून म्हणाली. "परत काय बंद पडलं तर?"

चार नंबरचं मशीन माझ्या पाठीमागे चालू होतं.

मी "बरं" म्हणालो, आणि पाण्याचा तांब्या बाहेर नेऊन दिला.