पडक्या देवळांची तीन चित्रं

लग्नात मी भांडी कमी आणि चित्रं जास्त आणली, असं ढोकीत आमच्या गल्लीत अजून म्हणतात. चित्रं तीनच होती. सोलापूरला आर्किटेक्चर शिकत असताना रद्दीच्या दुकानात एक फाटकं इटालियन पुस्तक मिळालं होतं. त्यात जुन्या रोमन देवळांची, तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेली चित्रं होती. त्यातली तीन मी कापून घेतली आणि काचेच्या फ्रेमा करून आणल्या. ढासळलेल्या कमानी, अर्धे खांब, भेगांतून उगवलेली झुडपं, सगळं नुसत्या काळ्या रेघांत. मला ती फार आवडायची.

हळदी-कुंकवाला आलेल्या बायका बघत राहायच्या. "नळदुर्गचा किल्ला व्हय?"

"नाही, इटलीतलं देऊळ."

"मग देव कुठाय?"

देव कधीच गेला, म्हटल्यावर त्या चहाकडे वळायच्या. मला हसू यायचं. तेव्हा मी जरा जास्तच शहाणी होते.

मला दिवस गेले आणि सासूबाई बाळकृष्णाचं चित्र घेऊन आल्या. गुटगुटीत गाल, हातात लोण्याचा गोळा. पलंगावरून उठताबसता दिसेल अशी भिंत एकच, आणि तिच्यावर माझी देवळं.

"पोटुशीनं असलं पडकं बघू न्हाय. डोळ्याम्होरं जे असतंय, तसं लेकरू व्हतंय."

"मग ह्यांच्या वेळी तुम्ही काय बघत होता, आत्याबाई?"

सासूबाईसुद्धा हसल्या. पण मी हट्टाला पेटले होते, चित्रं काही उतरवू दिली नाहीत. शेवटी नवऱ्यानं तोड काढली. बाळकृष्ण मधोमध लावला आणि देवळं सरकवून त्याच्या आजूबाजूला. बिचारा पडक्या वाड्यात राहायला आल्यासारखा दिसायचा.

सातव्या महिन्यात पोटातली हालचाल थांबली. धाराशिवला डॉक्टरीणबाईंनी बराच वेळ मशीन फिरवलं, मग नवऱ्याला आत बोलावलं. मुलगी होती. केस दाट होते, एवढंच मी पाहिलं.

घरी येताना वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार. मी उत्तरंही जुळवून ठेवली होती, चांगली झोंबणारी. पण कुणी काही बोललंच नाही. सासूबाई बाजरीची पेज आणून द्यायच्या, बाळकृष्णाचं चित्र त्यांनी कधी उचलून नेलं तेही कळलं नाही. मी पडल्या पडल्या भिंतीकडे बघायची. असं का झालं, ते कधी कधी कळत नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. तेच मला सोसवत नव्हतं. आणि एका दुपारी मला, एवढ्या शिकलेल्या बाईला, खात्रीच पटली की त्या झुडपं उगवलेल्या कमानीनं माझं लेकरू खाल्लं.

"ही चित्रं काढा," मी नवऱ्याला म्हटलं. "जाळून टाका."

तो स्टूल घेऊन आला. बाहेर शेंगा फोडत बसलेल्या सासूबाई आवाजानं आत आल्या.

"कशाला काढतूस? ऱ्हाऊ दे."

"तुम्हीच म्हणाला होता ना, पडकं बघू नये?"

"म्हणले व्हते. माझ्या सासूनं मला सांगितलं, म्या तुला सांगितलं. चित्रानं काय व्हतंय, बाई? तुझं काय बी चुकलं न्हाय. कुणाचंच न्हाय."

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. मी तो झिडकारला. आयुष्यात कुणाचा आला नसेल एवढा संताप मला त्यांचा आला. त्या माझ्या बाजूनं बोलत होत्या, हे कळत असूनही आला. चित्रांचा दोष असता तर खिळे उपटले असते, भिंतीला नवा रंग दिला असता आणि पुढच्या खेपेला जपलं असतं.

आता कशापासून जपायचं, ते मला कोण सांगणार होतं?