दोनशे मीटरचं मैदान

आमच्या तालुक्याच्या कचेरीत नकाशे काढणारी माणसं दोनच. एक मी, मेदेर, राजधानीत शिकून आलेला इंजिनिअर. दुसऱ्या बुरुलकान एजे, एजे म्हणजे ताई. त्यांना कुणी चुकून इंजिनिअर म्हटलं की म्हणतात, “मी रेघा मारणारी बाई. इंजिनिअर तो बघा तिकडे, चहा गार करत बसलाय.” तिकडे म्हणजे माझ्या टेबलाकडे.

एजे या खुर्चीत एकतीस वर्षं आहेत. सुरुवात शाईनं झाली. एक थेंब सांडला की पूर्ण कागद पुन्हा काढायचा, त्यामुळे त्यांचा हात कधी घाई करत नाही. शेहेचाळिसाव्या वर्षी समोर कॉम्प्युटर आला तेव्हा यांनी आधी विचारलं, यात शाई सांडते का. नाही म्हटल्यावर पंधरा दिवसांत शिकल्या. नवरा घोडे तयार करणारा, दोन्ही भाऊ कोकबोरू, म्हणजे घोड्यावरून बकरं पळवायचा खेळ, खेळणारे, त्यामुळे बोलणंही घोडेवाल्यांसारखं, लगाम खेचून.

त्यांची एक खोड होती. नकाशाची कुठलीही फाइल आली की पहिली रेघ मारण्याआधी तिच्यातली एक ओळखीची वस्तू शोधायची, जिची लांबी आपल्या पायांना माहीत आहे अशी. पूल, तबेला, स्वतःच्या अंगणाची भिंत. ती पडद्यावर मोजायची. जुळली तर पुढं, नाहीतर फाइल परत. मी त्यावर खूप हसायचो.

“एजे, हे उपग्रहावरून काढलंय. पूल काय मोजत बसलाय?”

“उपग्रह आमच्या पुलावरून कधी चाललाय का?” एवढं म्हणून त्या मोजतच राहायच्या.

मागच्या वसंतात लेकीच्या बाळंतपणासाठी एजे चाळीस दिवस ओश शहराला गेल्या. नेमकं तेव्हाच कुमुश-बुलाक गावच्या नव्या शाळेचं काम माझ्याकडे आलं. राजधानीहून गावाच्या नकाशाची फाइल आली, ती मी रेखाटनाच्या प्रोग्रॅममध्ये उघडली, तर अख्खं गाव तिळाएवढं. फाइल होती अक्षांश-रेखांशाच्या अंशांत आणि माझा प्रोग्रॅम मोजत होता मीटरात. मी हुशार माणूस. एक अंश म्हणजे एकशे अकरा किलोमीटर हे मला पाठ होतं. सगळ्याला त्यानं गुणलं आणि गाव झकास मोठं झालं. त्या दिवशी मी स्वतःवर फार खूश होतो.

जे शाळेतल्या पोरालाही शिकवतात तेच मी विसरलो. उत्तर-दक्षिण अंश सगळीकडे जवळपास सारखाच, पण पूर्व-पश्चिम अंश उत्तरेकडे जावं तसा आखडत जातो. आमच्याकडे तो जेमतेम चौऱ्याऐंशी किलोमीटरचा. म्हणजे माझ्या नकाशात गाव एका अंगानं तिसऱ्या हिश्श्यानं फुगलं होतं. आणि वरून कुणी गाव बघितलेलं नसल्यामुळे कुणाच्या ध्यानात आलं नाही.

शाळेची जागा माझ्या नकाशात सत्तर मीटर रुंद निघाली. बासष्ट मीटरची शाळा मी तिथं आडवी बसवून दिली. गावप्रमुख कादिरबायच्या दप्तरात जुना कागद होता, त्यावर कुंपणापर्यंतची रुंदी त्रेपन्न. त्यानं दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि त्याचे डोळे चमकले. सतरा मीटर गेले कुठं? जागेच्या पूर्वेला तेमिरकुल अतांचं, म्हणजे तेमिरकुल आजोबांचं, कुंपण होतं, त्यामागं मेंढवाडा. जुन्या शाळेच्या भट्टीत या म्हाताऱ्यानं तीस वर्षं कोळसा टाकला होता, पोरांना थंडी वाजू नये म्हणून पहाटे उठून. आठवड्याभरात गाव म्हणायला लागलं की त्यानंच शाळेची जमीन खाल्ली.

ते माझ्याकडे आले. टोपी काढून हातात धरली होती.

“बाळा, हा नकाशा तूच काढलास?”

“हो अता. मशीन काही खोटं बोलत नाही.”

“मग मीच बोलत असेन,” म्हणाले, आणि टोपी घालून निघून गेले. त्यांनी आवाजसुद्धा चढवला नाही. मला वाटलं, चोराचं तोंड बंद झालं. आज लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा मला तसंच वाटलं होतं.

शाळेच्या पायासाठी शनिवारी अशार ठरलं होतं. म्हणजे सगळं गाव फुकट राबायला येणार आणि एक मेंढी शिजणार. शुक्रवारी सकाळी एजे कामावर रुजू झाल्या. अतांबद्दलची बोलणी वाटेतच त्यांच्या कानावर आली होती. मला नातवाचे फोटो दाखवले, दूध घातलेला चहा ओतून घेतला आणि माझा नकाशा उघडला.

“कुमुश-बुलाकचं कोकबोरूचं मैदान किती लांब, मेदेर?”

“दोनशे मीटर. कुणीही सांगेल.”

“तुझ्या नकाशात दोनशे पासष्ट आहे. घोडे वाढले, की मैदान?”

“आणि रुंदी?”

“ऐंशी. अगदी चोख. उत्तर-दक्षिण सगळं जागेवर आहे. पूर्व-पश्चिम तेवढं फुगलंय.”

मला माझा गुणाकार आठवला. त्यांना पुढं काही सांगावंच लागलं नाही. त्यांनी फाइल आधी अंशांतून काढून आमच्या भागाच्या मीटरच्या मापात आणली, मग प्रोग्रॅममध्ये घेतली, एकक मीटर आहे ना ते बघितलं आणि मैदान पुन्हा मोजलं. दोनशे बाय ऐंशी. शाळेची जागा मोजली. त्रेपन्न. अतांचं कुंपण चाळीस वर्षं जिथं होतं तिथंच हद्द होती.

“शाळा आडवी नाही बसत. उत्तर-दक्षिण उभी घाल, उत्तरेला जागा आहे,” एजे म्हणाल्या.

मी हळूच म्हणालो, “एजे, उद्या शाळा उभी घालायची एवढंच सांगू. हद्दीचं आत्ता नको बोलायला. नवी प्रत सोमवारी गुपचूप पाठवू. कुणाला कळायचं नाही.”

त्यांनी पेला खाली ठेवला. “नकाशा दुरुस्त करायला मला पाच मिनिटं लागली. त्या म्हाताऱ्याला चोर गावासमोर म्हटलंय ना? मग चुकलो तेही गावासमोर म्हणायचं. आणि ते मी नाही म्हणणार.”

शनिवारी चाळीसएक माणसं फावडी घेऊन जमली होती. कढईखाली जाळ लागला होता. तेमिरकुल अता आले नव्हते. त्यांचं कुंपणही नव्हतं. गुरुवारीच त्यांनी ते स्वतःच्या हातानं उपटलं होतं आणि वासे शाळेच्या जागेच्या कडेला नीट रचून ठेवले होते. “शाळेत नातवंडांना कुणी बोललेलं त्यांना नको होतं,” शेजारीण म्हणाली. कादिरबाय मात्र खुशीत दिसत होता.

एजेंनी गर्दीतल्या एका घोडेस्वाराला हाक मारली. “तोकोन, तुमचं मैदान किती रे?”

“दोनशे, एजे. का?”

“या नकाशात दोनशे पासष्ट लिहिलंय.”

“मग गेल्या साली मी जिंकलोच नसतो. घोडा मध्येच बसला असता.”

लोक हसले. हसणं थांबेपर्यंत एजे थांबल्या. “ज्या नकाशानं मैदान वाढवलं, त्यानंच शाळेची जागा वाढवली. कुणी केलं ते तो सांगेल,” म्हणाल्या आणि बाजूला झाल्या.

मी सांगितलं. सगळं सांगितलं, गुणाकारासकट. जागा त्रेपन्नच आहे, अतांनी वीतभरही घेतलेली नाही, हे दोनदा सांगितलं.

कादिरबाय मातीकडे बघत पुटपुटला, “पण फाइल तर राजधानीची होती.”

“फाइल राजधानीची, गुणाकार आमचा,” एजे म्हणाल्या, “आणि घाई तुझी.”

मग त्यांनी ढिगातला एक वासा उचलून माझ्या खांद्यावर ठेवला. मी अतांच्या मेंढवाड्याकडे चालायला लागलो. थोडं पुढं जाऊन मागं बघितलं तर तोकोन येत होता, त्याच्यामागं आणखी पाच-सहा, मग सगळेच, प्रत्येकाच्या खांद्यावर वासा. कादिरबायनंही एक घेतला होता, बऱ्यापैकी जड.

अता दारात उभे होते. मी म्हणालो, “अता, खोटं मी बोललो. मला माफ करा.”

मी खिशातून टेप काढला आणि कुंपणाची रेघ नेमकी कुठं धरायची ते मोजायला खाली वाकलो.

“टेप ठेव, बाळा,” अता म्हणाले. “वाशांचे खड्डे मी बुजवले नव्हते.”